मदत हवी आहे: पिकअपचा नवा बेल्ट एका कडेने उसवतोय

नमस्कार मंडळी. डिझेल पिकअप आहे, खानापूरकडून भाजी बेळगाव मार्केटला जाते. इंजिनाच्या पुल्या फिरवणाऱ्या सहा खाचांच्या जुन्या बेल्टला आडव्या भेगा पडल्या म्हणून घरीच बदलला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, बेल्टचा मार्ग कागदावर उतरवला, पुल्यांच्या खाचांतली लाल माती ब्रशने काढली, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा हात) पान्याने ओढून नवा चढवला. माप जुन्याचंच.

तरी थंड इंजिनला चिरचिर होते आणि इंजिनाकडच्या कडेचे धागे सुटतायत. चालू इंजिनात लांबूनच खाचांवर पाणी शिंपडलं की आवाज क्षणभर थांबतो, परत सुरू. ताण कमी असता तर पाण्याने आवाज वाढला असता. म्हणजे पुल्या एका रेषेत नसाव्यात. बेल्ट काढून हाताने फिरवलं तर अल्टरनेटर गुळगुळीत, आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली) मात्र खरखरतो, किंचित डुगडुगतोही. त्याचं बेअरिंग ६२०३ नंबरचं आहे (१७ × ४० × १२ मिमी).

नुसतं बेअरिंग बदलून भागेल, की प्लॅस्टिकची पुलीच बदलू? टेन्शनरचा हात वाकलाय का हे बघायला सरळ पट्टी कुठल्या पुलीवर टेकवायची? सुटी पुली बेळगाव-निपाणीत कुठे मिळेल? वॉटर पंपही याच बेल्टवर आहे, चोर्ला घाटात तुटला तर इंजिन तापेल. जाणकारांनी लवकर सांगा.