मुळकीला सर्फिंग: लेक १४ ची, सासूबाई ७२ च्या. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाटकात मुळकीला जायचा विचार आहे. आम्ही कोथरूडचे. आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई.

लेकीने २०२४ च्या ऑलिंपिकमधलं ताहितीचं सर्फिंग पाहिलं, तेव्हापासून तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेदिना याचा लाटेवरून हवेत झेपावलेला फोटो आहे. पाचवीपासून पोहते, न थांबता किलोमीटरभर जाते. पण सगळं टँकमध्ये.

माझी काळजी वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोकणात एका किनाऱ्यावर ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि बघता बघता तिचे पाय सुटले. एका कोळी दादांनी तिला ओढून बाहेर आणलं. सगळं मिनिटभरात झालं. ती विसरली, मला अजून रात्री जाग येते. तिला अडवायचं नाहीये, पण नीट माहिती असल्याशिवाय पाण्यात सोडायचंही नाहीये.

टँकमधलं पोहणं समुद्रात कितपत कामी येतं? डिसेंबरच्या लाटा नवशिक्यांना झेपतात का? सासूबाईंना उडुपीच्या कृष्णाचं दर्शन घ्यायचंय, गुडघे दुखतात. त्यांना नुसतं किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसवणं माझ्या मनाला पटत नाही. आणि जायचं कसं?

प्रतिसाद: औंधकर

ताई, मी दोन हिवाळे मुळकीला शिकलो. आधी तुमच्या काळजीबद्दल.

कोकणात जे झालं ती बहुधा परतीच्या पाण्याची ओढ होती. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत परततं. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, म्हणून पाणी शांत दिसतं आणि माणसं नेमकी तिथेच उतरतात. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, तिथेच माणूस दमतो. तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यायचं, मग लाटांबरोबर परतायचं. लेकीकडून हे घरीच चार वेळा म्हणवून घ्या. टँकमधल्या पोहण्याने दम मिळतो आणि डोकं शांत राहतं. पाण्याचा अंदाज घेणं मात्र समुद्रावरच शिकावं लागतं.

तिथले सर्फिंग क्लब नवशिक्यांना आत नेतच नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर शिकवतात. आठ-नऊ फुटांचा मऊ फोमचा बोर्ड असतो, तो दोरीने घोट्याला बांधलेला. पहिला तास वाळूवरच जातो: पोटावर झोपायचं, छातीपाशी हात टेकायचे, एका झटक्यात उभं राहायचं. पडताना सूर मारायचा नाही, आडवं पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर. बोर्ड कधीही लाट आणि आपण यांच्या मध्ये धरायचा नाही. एका शिक्षकामागे किती मुलं असतात ते फोनवरच विचारा. दोन-तीनच्या वर म्हणाले तर दुसरा क्लब बघा.

डिसेंबर चांगला. पावसाळ्यानंतर समुद्र निवळलेला असतो, लाटा लहान. २०२४ आणि २०२५ ची इंडियन ओपन ही सर्फिंग स्पर्धा जवळच्या ससिहित्लूला मे-जूनच्या सांध्यावर झाली, कारण मान्सूनच्या तोंडावर लाट मोठी येते. तेव्हा नवशिक्यांनी लांबच राहावं. शांभवी आणि नंदिनी या नद्या जिथे समुद्राला मिळतात त्या मुखापाशीही क्लबच्या माणसाशिवाय उतरू नका. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण कॅलेंडरवर बघून ठेवा.

प्रतिसाद: मूळची उडुपीची, आता बिबवेवाडी

आजींची काळजी करू नका, तो भाग त्यांच्यासाठीच आहे! मुळकीतच बप्पनाडूचं दुर्गापरमेश्वरीचं देऊळ आहे. बप्पा नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने ते बांधलं अशी कथा आहे, आजींना जरूर सांगा. उडुपी तीसेक किलोमीटर. कृष्णाचं दर्शन नऊ झरोक्यांच्या खिडकीतून होतं. सकाळी लवकर जा, रांग लहान असते. वाटेत कापूचं १९०१ चं दीपगृह आहे. पायऱ्या लेकीने चढाव्यात, आजींनी खालून सूर्यास्त बघावा.

एक दिवस मालपेहून होडीने सेंट मेरीज बेटावर जा. तिथले उभे दगडी खांब सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, मादागास्कर भारतापासून तुटला तेव्हाचे. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाहूनही जुने. होडीत चढता-उतरताना मात्र आजींना दोघांनी धरा. गुडघे फारच दुखत असतील तर त्यांनी मालपेलाच थांबावं.

खायला नीर डोसा, गोळी बजे, न्याहारीला गोडसर बन्स. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत.

प्रतिसाद: औंधकर

प्रवासाचं राहिलंच. पुण्याहून पूर्णा एक्सप्रेस उडुपीला जाते, पण रोज नाही. मी पनवेलला जाऊन मत्स्यगंधा पकडतो. ती रोज आहे आणि थेट मुळकीला थांबते. आजींसाठी खालचा बर्थ आत्ताच बघा. स्वतःची गाडी नको, एवढ्या लांब बसून गुडघे आणखी धरतील.

धागाकर्ती

खूप खूप आभार. ओढीचं तुम्ही लिहिलेलं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, त्या दिवशी तिथलं पाणी खरंच शांत दिसत होतं." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याबद्दल बोलली. तिकिटं आज रात्री बघते.

एकच राहिलं. तिला उणे तीनचा चष्मा आहे. पाण्यात काय करतात?

प्रतिसाद: औंधकर

चष्मा किनाऱ्यावर आजींकडे. लेन्स घालून उतरू नये, वाहून जातात आणि डोळ्याला संसर्गाचा धोकाही असतो. शिक्षकांना पहिल्याच दिवशी नंबर सांगा आणि मोठ्या हातखुणा ठरवून घ्या: दोन्ही हात वर म्हणजे बाहेर ये. माझा नंबर उणे चार आहे, मी तसाच शिकलो.