मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी जर्मनी: कन्सल्टंटच्या यादीवर जावं की स्वतः अर्ज करावेत?

वाळव्याची_मेकॅनिकल

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. २०२४ ला मेकॅनिकलमधून बी.टेक. झाले, सीजीपीए ७.६. गेलं दीड वर्ष चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मशीन टूल्स आणि उत्पादन या बाजूला मास्टर्स करायचंय. पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत पोचायचं असं मनात आहे. घरी अडीच एकर ऊस, वडील एकटे कमावते, धाकटा भाऊ बारावीला. म्हणजे चूक परवडणारी नाही.

एका कन्सल्टंटकडे जाऊन आले. फी सव्वा लाख. त्यांनी सहा नावं दिली, त्यातली चार खासगी, वर्षाला बारा हजार युरोच्या घरातली. "७.६ ला सरकारी विद्यापीठ विसरा" असं तोंडावर म्हणाले. त्या दिवसापासून झोप नीट नाही. खरंच इतकं कमी आहे का हे? विद्यापीठं निवडायची कशी? पैशाचं कसं जमवलंत? आणि जर्मन किती यायला हवं? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

केम्निट्झचा_कोल्हापूरकर

ताई, आधी ते "विसरा" डोक्यातून काढ. जर्मनीत आपला सीजीपीए एका सूत्राने बदलतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास होण्याचे किमान गुण यांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. किमान ४ धरले तर तुझे ७.६ होतात २.२. किमान ५ धरले तर २.४४. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते, त्यामुळे दोन्हीकडून तू आत आहेस. पण हा फरक बघ केवढा आहे! तुझ्या गुणपत्रिकेच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर किमान पास ग्रेड स्पष्ट छापलेली आहे का ते आजच बघ. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घे. माझ्या एका मित्राने ते घेतलं नव्हतं आणि त्याचं गणित त्याच्या विरोधात धरलं गेलं.

आता खरा मुद्दा. मास्टर्सला तिथे मार्कांइतकंच, कधीकधी मार्कांपेक्षा जास्त, बघतात ते तू बी.टेक.ला कुठला विषय किती शिकलीस. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेश नियमावलीत लिहिलेलं असतं: गणित इतके ईसीटीएस, मेकॅनिक्स इतके, मटेरियल्स इतके. ईसीटीएस म्हणजे तिकडचं क्रेडिट, एक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, वर्षाला ६०. मला एका नावाजलेल्या विद्यापीठाने नाकारलं ते गणितात चार क्रेडिट कमी पडली म्हणून. माझ्यापेक्षा कमी सीजीपीएवाल्या माझ्या रूममेटला तिथेच मिळालं, कारण त्याच्या कॉलेजात न्युमरिकल मेथड्सचा वेगळा पेपर होता.

म्हणून तू असं कर. एक एक्सेल उघड. डावीकडे तुझे आठही सेमिस्टरचे विषय, शेजारी क्रेडिट, आठवड्याचे लेक्चर आणि प्रॅक्टिकलचे तास, आणि सिलॅबसमधली दोन ओळींची माहिती. उजवीकडे ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा त्याची मागणी. मी हे काम सलग तीन रात्री केलं. थिअरी ऑफ मशीन्सचे दोन भाग मेकॅनिक्समध्ये टाकू की डिझाइनमध्ये, यावर एक अख्खी रात्र गेली. पण त्या तक्त्याने मला अकरा नावांवरून पाचवर आणलं, आणि पाचातून दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. कन्सल्टंट हे करून देत नाही. त्याला तुझा सिलॅबस माहीतच नसतो.

नावं शोधायला डाडची (परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) वेबसाइट वापर. तिथे भाषा इंग्रजी, पदवी मास्टर, विषय मेकॅनिकल असं लावलं की यादी मिळते, शुल्कासकट. तुझी आवड बघता माझ्या गावाचं नाव घेतो, पक्षपात समज हवं तर. केम्निट्झच्या तांत्रिक विद्यापीठात ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग हा इंग्रजीतला मास्टर्स आहे. हे शहर एकोणिसाव्या शतकापासून मशीन टूल्सचं. मशीन टूल्स आणि फॉर्मिंगवर काम करणारी फ्राउनहोफरची (ही तिकडची मोठी संशोधन संघटना) संस्थासुद्धा इथेच आहे, मी तिथे विद्यार्थी सहायक होतो. पहिल्या आठवड्यात मला एका स्पिंडलला सेन्सर लावायला दिलं, हात थरथरत होते. चाकणला दीड वर्ष काढलेल्या मुलीला ते काम ओळखीचं वाटेल. आणि म्युनिकमध्ये जेवढ्यात एक खोली मिळते त्याच्या निम्म्यापेक्षा कमीत इथे भागतं.

शुल्काचं नीट वाच, कारण "जर्मनीत शिक्षण फुकट" हे आता अर्धंच खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, एस्लिंगन वगैरे, २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावलं, मास्टर्सला सेमिस्टरला ४००० किंवा ६००० युरो. आखेनला नेहमीचे अभ्यासक्रम आहेत तसे त्यांच्या इंटरनॅशनल अकॅडमीचे सशुल्कही आहेत, नावं सारखी वाटतात, गफलत होते. बाकी बहुतेक सरकारी ठिकाणी फक्त सेमिस्टरची वर्गणी भरावी लागते.

खासगी सगळीच वाईट असं मी म्हणणार नाही. पण कन्सल्टंटला तिथून कमिशन मिळतं आणि सरकारी विद्यापीठाकडून मिळत नाही, एवढं लक्षात ठेवून ती यादी वाच.

वाळव्याची_मेकॅनिकल

दादा, वाचता वाचता डोळे भरून आले. गुणपत्रिका काढून बघितली, मागे ग्रेडचा तक्ता छापलेला आहे. तारखा कशा असतात? आता नोव्हेंबर संपत आलाय, उशीर झाला का?

केम्निट्झचा_कोल्हापूरकर

उशीर नाही, पण उद्यापासून सुरू कर. पहिलं काम एपीएस. आपल्याकडून जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून हे प्रमाणपत्र लागतंच. दिल्लीच्या कार्यालयात कागद तपासून देतात, शुल्क १८,००० रुपये. कित्येक विद्यापीठं अर्जासोबतच मागतात आणि व्हिसाला तर हवंच. त्यासाठी आधी ट्रान्सक्रिप्ट लागेल, म्हणजे विद्यापीठाच्या खिडकीवर रजा टाकून जावं लागणार. एकाच फेरीत चार-पाच प्रती सीलबंद घे.

तारखा सगळीकडे सारख्या नाहीत. ऑक्टोबरच्या सत्रासाठी आखेन आपल्याकडून १ मार्चपर्यंतच घेतं, म्युनिकला बरेच अभ्यासक्रम ३१ मे, कित्येक ठिकाणी १५ जुलै. १५ जुलैवर विसंबू नकोस. तेव्हा अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत ऑगस्ट उलटतो आणि व्हिसाला वेळ उरत नाही. बरेच अर्ज युनि-असिस्टमधून (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) जातात, पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे पाच अर्जांचे १९५ युरो. सव्वा लाखाशी ताडून बघ.

आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, जानेवारीत देऊन टाक.

नाशिकची_आई

पोरी, मी विद्यार्थी नाही, पण माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला, आणि पैशाची सगळी धावपळ मी केली. तेवढं मी सांगू शकते.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. रुपयात बारा लाखांच्या आसपास होतात, त्या दिवशीच्या भावावर. ते शुल्क नाही, तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो करून तुलाच परत मिळतात. त्यात खोली, जेवण, दीडशे युरोच्या आसपास आरोग्य विमा. शिवाय जाताना हातात वेगळे दोन-अडीच लाख लागतात: तिकीट, खोलीची अनामत, थंडीचे कपडे, सेमिस्टरची वर्गणी.

आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. मला वाटलं, जमीन आहे, कर्ज लगेच होईल. बँकेत गेले तर म्हणाले शेतजमीन तारण चालत नाही. सातबारा हातात घेऊन मी तशीच बाकावर बसून राहिले. शेवटी आमच्या धाकट्या दिरांनी त्यांचा नाशिकमधला फ्लॅट तारण दिला. ते भावजी एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत, ते मी जन्मभर विसरणार नाही. मग बँकेच्या वकिलाचा टायटल सर्च, व्हॅल्युअरचा रिपोर्ट, मूळ खरेदीखत, सोसायटीची एनओसी. सात आठवडे लागले. तुमचं घर गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड आहे का ते बाबांना आत्ताच विचारायला सांग. ते नसेल तर तिथेच गाडी अडते. प्रवेशपत्र यायची वाट न बघता जानेवारीतच बँकेत जाऊन बस. बिनतारणी कर्जही मिळतं, पण व्याज चढं असतं आणि ते तुझ्या पहिल्या नोकरीच्या पगारातून जाणार.

आणि बाळा, दुसऱ्या वर्षाचं गणित आजच मांड. पहिल्या वर्षाचे पैसे सगळे उभे करतात. दुसऱ्या वर्षी तिथल्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात, तेव्हा मुलगा रात्री फोन करतो. माझा केला होता.

तुमच्या कुटुंबाला लागू असेल तर राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या रँकिंगची अट असते, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून मगच विद्यापीठ ठरवावं.

स्टुटगार्टहून

मी इथे वाहन उद्योगात आहे, नऊ वर्षं झाली. वरचं सगळं बरोबर आहे. एक अप्रिय गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मी आलो तेव्हा मेकॅनिकलवाल्याला इंग्रजीवर नोकरी मिळून जायची. आता तसं नाही. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५,००० पदं कमी करायचा करार केला, आणि तिथे ओढ बसली की सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांना आधी झळ लागते. माझ्या शेजारच्या विभागात गेल्या वर्षी एकही नवीन माणूस घेतलेला नाही.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. तो काळ पुरेसा आहे, पण जर्मन येत असेल तरच. मी दोन मुलांच्या मुलाखती घेतल्या. एकाचे मार्क उत्तम, भाषा शून्य. दुसरीचे साधारण, पण ती शॉप फ्लोअरवरच्या मास्टरशी, म्हणजे तिथल्या मुख्य कारागिराशी, जर्मनमध्ये बोलली, टूल का तुटतंय ते तिने त्यालाच विचारलं. घेतली तिला. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, ते काम कंपनीतलं मिळवायचं असेल तरी भाषाच लागते.

शहर फक्त मोटारींवर बघून निवडू नका. मशीन टूल्स, वैद्यकीय उपकरणं, रेल्वे, ऊर्जा या बाजूंनाही मेकॅनिकल लागतं. तुमचा क्वालिटीचा अनुभव तिथे चालेल, अर्जात पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

जर्मन_शिकवते_पुणे

भाषेबद्दल मी बोलते. चाकणला नोकरी आहे म्हणजे संध्याकाळ आणि शनिवार-रविवारच तुझे. मॅक्स म्युलर भवनला आणि रानडे इन्स्टिट्यूटला वर्ग असतात, जाणं जमत नसेल तर ऑनलाइनही आहेत. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. आत्ता सुरू केलंस तर निघेपर्यंत ए२ पूर्ण आणि बी१ अर्धं, एवढं नोकरी सांभाळून होतं. माझे विद्यार्थी करतात. तीन महिन्यांत बी२ देतो म्हणणाऱ्यांकडे फिरकू नकोस.

मराठी मुलांना एक फायदा आहे, तो वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगते. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही डेर, डी, दास अशी तीन. झाड ते का आणि वेल ती का, हे आपण कुणाला विचारत बसलो नाही, शब्दासोबतच उचललं. इथेही शब्द एकटा पाठ करायचा नाही, त्याच्या आर्टिकलसकट करायचा. वहीत तीन रंगांची पेनं वापर.

वाळव्याची_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून बाबांना फोन केला. प्रॉपर्टी कार्ड आहे, पण आजोबांच्या नावावर. वारसनोंद राहिलीय. सोमवारी ते कार्यालयात जाणार आहेत. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं.

दादा, काल रात्री तक्ता सुरू केला. गणिताचे तीन पेपर, न्युमरिकल मेथड्स वेगळा होता! पण मशीन टूल डिझाइन माझं इलेक्टिव्ह होतं आणि सहाव्या सेमिस्टरचं वर्कशॉप नुसतं टर्मवर्क होतं, थिअरी नाही. ते तास धरायचे का?

नाशिकची_आई

वारसनोंदीला वेळ लागतो, सोमवारी पहिल्या नंबरला जाऊ दे बाबांना. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची आधार कार्डं सोबत न्यायला सांग.

केम्निट्झचा_कोल्हापूरकर

इलेक्टिव्ह पूर्ण धर, तुझ्यासाठी तोच सगळ्यात वजनदार विषय आहे. वर्कशॉपचे तास थिअरीत मिसळू नकोस, वेगळी ओळ कर. आठवड्याचे तास, किती आठवडे, कुठल्या मशीनवर काय काम केलं, आणि त्या पानावर विभागप्रमुखांची सही-शिक्का घे. आमच्याकडे एकीने असंच केलं होतं, तिचे ते तास मान्य झाले. तक्ता पुरा झाला की इथेच टाक, मी माझ्या जुन्याशी लावून बघतो.