दोन वेळा जेवण, कीटो की सोळा-आठ? आणि गोळ्यांचं काय?

नौपाडाकर (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फतवा काढलाय: 'दिवसातून दोनदाच जेवा, शुगरच्या गोळ्या कचऱ्यात टाका. कीटो म्हणजे विष, दर दोन तासांनी खाणारे मूर्ख.' खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं तर पुढच्या एजीएमला माझ्या पार्किंगचा विषय निघेल, म्हणून इथे.

दोनदा जेवून वजन उतरतं, मान्य. डॉ. जिचकारांची ही कल्पना डॉ. दीक्षितांनी गावोगाव पोचवली, तीही फुकट. आदर आहे. पण कीटोला, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणाऱ्या आहाराला, विष म्हणताना एवढं तरी ठाऊक असावं की तो 1921 साली फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी निघाला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना डॉक्टर आजही तो देतात. वजनासाठी पनीर-बटर चापणाऱ्या काहींचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतो, हेही तितकंच खरं.

स्टॅनफर्डच्या लोकांनी 2018 च्या अभ्यासात 609 जण घेतले. निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी कर्बोदकं. वर्षाने सरासरी 5.3 आणि 6 किलो उतरले. म्हणजे उन्नीस-बीस. पण त्याच गटांत कुणाचं वीस किलोच्या वर उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं.

माझा राग 'कचऱ्यात टाका' यावर आहे. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असताना जेवण गाळलं तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, भोवळ. आणि ज्यांच्या गोळीच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे, त्यांनी कीटो केला तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही मीटरवर साखर फारशी वाढलेली नसताना. डोस कमी करा, बंद करा, पण डॉक्टरला विचारून.

पामबीच_पायी
आले विद्वान. माझी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.2 होती, आता 6.1 आहे. दोनदा जेवण, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, आणि रोज 45 मिनिटं चालणं. कुठल्या स्टॅनफर्डला विचारायला गेलो नव्हतो. दर दोन तासांनी केळं-शेंगदाणे खात बसलेली आमची मेहुणी आहे तिथेच आहे.

कासारवडवली_चौथा_मजला
45 मिनिटं चालायचं ते कुठे? घोडबंदर रोडला फुटपाथ असेल तर त्यावर दुचाकी, नसेल तर खड्डा. पाम बीचला राहून सल्ले देणं सोपं आहे.

घोडबंदरची_सून
चालायचं नंतर बघू. आधी हे करायचं कुणी, ते सांगा. आमच्याकडे सासरे दोन वेळावाले, नवरा कीटो, लेक सोळा-आठ (सोळा तास उपास, खाणं आठ तासांत). सकाळी दहाला सासऱ्यांची ज्वारीची भाकरी. लगेच नवऱ्याच्या डब्याचं पनीर, त्यात कांदा चालत नाही. लेकीचा पहिला घास बाराला, तिला गरम लागतं. संध्याकाळी परत पहिल्यापासून. सासरे मोबाइलवर टायमर लावून बसतात. 'अगं, अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, श्रीखंड आण लवकर!' मिनिटं संपायच्या आत गोड उरकायचं असतं ना!

माझं डाएट कुणी विचारलंय का? मी उरलेलं खाते.

पामबीच_पायी
हा घरगुती प्रश्न झाला. धागा आरोग्याचा आहे. विषय भरकटवू नका.

घोडबंदरची_सून
घरगुती? तुमची 6.1 कुणाच्या हातच्या भाकरीने आली? स्वतः थापता का?

पामबीच_पायी
वैयक्तिक होऊ नका. बायकोला आवडतं करायला.

नेरूळ_दोन_पोळ्या
'आवडतं करायला' 😂 वहिनींना लॉगिन करून द्या, त्यांनाच लिहू दे. आमच्या घरी ठरलंय, ज्याचं डाएट त्याचा गॅस. नवऱ्याचा कीटो आठवडाभर टिकला. ऑम्लेटची कढई घासायची वेळ आली आणि वरण-भात गोड लागायला लागला.

कोपरखैरणे_आगरी
भाताला शिव्या पडायच्या आधी बोलतो. माझी आजी तिन्ही त्रिकाळ भात आणि सुकटीवर नव्वदीपर्यंत ठणठणीत होती.

नौपाडाकर
आजी शेतात राबायची ना?

कोपरखैरणे_आगरी
राबायची. मग जमिनी नवी मुंबईत गेल्या, आमच्या ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला. वडिलांना चाळिशीतच शुगर. हो, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. तरी भात सोडणार नाही, अर्धा करीन.

ऐरोली_रात्रपाळी
माझी शिफ्ट रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. दोन वेळा म्हणजे नक्की कुठल्या? सोळा-आठवालेही सांगा. पहाटे तीनला कँटीनमध्ये फक्त समोसा आणि मशीनचा चहा असतो.

नौपाडाकर
सोळा-आठचंही ऐका. 2022 मध्ये चीनमधल्या 139 लठ्ठ लोकांचा अभ्यास आला होता. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी, फक्त एका गटाने सकाळी 8 ते दुपारी 4 मध्येच खायचं. वर्षाने घड्याळवाल्यांचे 8 किलो आणि बाकीच्यांचे 6.3 किलो उतरले. संशोधकांनी हा फरक धरण्याजोगा मानला नाही. घड्याळामुळे एकूण खाणं कमी होत असेल तर बघा, नाहीतर नुसतं घड्याळ काही करत नाही. त्यात रात्रपाळीवाले नव्हते, त्यामुळे तुम्हाला छातीठोक सांगणार नाही. डबा मात्र घरून न्या.

घोडबंदरची_सून
'डबा घरून न्या.' बघा, आणखी एक डबा. भरणार कोण, ते परत नाहीच.

ऐरोली_रात्रपाळी
ताई, मी एकटाच राहतो. मीच भरणार. 🙏

पामबीच_पायी
गोळ्यांपुरतं नौपाडाकर बरोबर आहेत, घ्या, लिहून दिलं. माझीही गोळी डॉक्टरांनीच रिपोर्ट बघून बंद केली होती. पण डाएट मी आधी सुरू केलं, त्यांनी नाही सांगितलं.

नौपाडाकर
मग हेच त्या काकांच्या पोस्टखाली लिहा की. तुमचं ऐकतील, तुम्ही त्यांच्या पंथाचे.

पामबीच_पायी
तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी कसा लिहू? तुम्हीच चिकटवा. नाव माझं घालू नका.

घोडबंदरची_सून
आणि खाली वहिनींचे आभार माना.