दशांश: नियम की संतोषाचे दान?
बायबलमधील मलाखी 3:10 या वचनावरून आजच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसावर दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणे, बंधनकारक ठरतो, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. कारण तो नियम इस्राएलात जमिनीचे वतन नसलेल्या लेव्यांच्या (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाच्या) पोषणासाठी होता, आणि बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातील 14:28-29 नुसार दर तिसऱ्या वर्षीच्या दशांशावर परदेशी, अनाथ व विधवा यांचाही हक्क असे (हा भाग उपदेशात फारसा ऐकू येत नाही). प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना टक्केवारी सांगितली नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्यावे, एवढेच लिहिले. खानापूरकडच्या आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला आई पायलीभर भात आणि माती लागलेली रताळी वेदीपुढे ठेवत असे. दहावा हिस्सा तिने कधी मोजला नाही, पण पीक बुडाले त्या वर्षीही ती रिकाम्या हाताने गेली नाही.