मंजुरी मोबाईलवर, सातबारा मात्र गावातच
एकांनी लिहिलंय की ॲपवरून कुठलीही बँक घरकर्ज देते, शाखा कुठे आहे याला आता अर्थ नाही. मला अर्धंच पटतं. पगार आणि सिबिल (आधीच्या कर्जफेडीवरचा स्कोअर) पाहून तत्त्वतः मंजुरी घरबसल्या मिळते, खरंय. पण तारण असतं ते घर. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट असो की आडगावचा प्लॉट, एनए (बिगरशेती) आदेश तपासणं, टायटल सर्च म्हणजे मालकीची छाननी, मूल्यांकन हे इथल्याच माणसांना करावं लागतं. बँकेचा नाशिकमध्ये वकील नसेल तर फाईल लोंबकळते. मेहुण्यांची अशीच अडली, बिल्डरची मुदत टळली, फार मनस्ताप झाला. दर मात्र ऑनलाइनच ताडून पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च सांगणारा कागद, सक्तीचं आहे. त्यातला एपीआर, म्हणजे कर्जाचा एकूण वार्षिक खर्च टक्क्यांत, बघा, प्रोसेसिंग फीसुद्धा त्यात धरलेली असते.