मदत हवी आहे: रागात सोडलेल्या नोकरीबद्दल मुलाखतीत काय सांगावं?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. माझा धाकटा भाऊ मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होता. साहेबांशी वाजलं आणि नोटीस न देताच घरी आला. रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) नाही, अनुभवाचा दाखला नाही. आता फार पस्तावलाय. घरी मुलाखतीचा सराव घेते, तेव्हा "आधीची नोकरी का सोडली?" म्हटलं की फाईलची नाडी बोटाला गुंडाळत गप्प बसतो. कामात मात्र पक्का आहे हो.

ती नोकरी बायोडेटातून गाळायची म्हणतो. मला पटत नाही. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या नंबरवर, जुनी नोकरी दिसतेच. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी पोर्टलवर स्वतः भरता येते, ते करून घेऊ. पैसेही काढू नकोस, ट्रान्सफर कर म्हटलंय. कारण पीएफच्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते.

एचआरमधल्या कुणी सांगाल का, नोटीसचा पगार भरला तर आता पत्र मिळतं का? आधी साहेबांना भेटून माफी मागावी, की थेट एचआरला मेल करावा?