मीठ नुसतं चवीपुरतं नाही

कुणीतरी लिहिलंय की जुलाबात साखरपाण्यात मीठ घालतात ते चवीपुरतं. नाही हो! जळगावच्या मे महिन्यात तर हा गैरसमज महागात पडेल.

लहान आतड्याच्या पेशींना, अन्न जातं त्या पोकळीकडच्या बाजूला, ब्रशसारखी सूक्ष्म कड असते. तिथला एसजीएलटी-१ हा वाहक (पदार्थ पेशीत नेणारं प्रथिन) मिठातल्या दोन सोडियम आयनांसोबत साखरेतला एक ग्लुकोज रेणू आत घेतो, मागोमाग पाणी. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागला ही कल्पना मांडली. पुढे संशोधकांनी उंदराच्या आतड्यातली ही कडच वेगळी काढून, तिच्या बारीक पिशव्या करून तपासल्या. अख्खी पेशी नाही, तरी बाहेर सोडियम जास्त असलं की ग्लुकोज झपाट्याने आत! मला हा प्रयोग भारी आवडतो.

फ्रुक्टोज या दुसऱ्या साखरेच्या वाहकाला, म्हणजे जीएलयूटी-५ला, सोडियम लागत नाही. रावेरच्या पिकल्या केळात दोन्ही साखरा असतात, त्यामुळे तिथे दोन्ही वाहक कामाला लागतात.